शिडाची नौका : निवड व खरेदी

वाऱ्याच्या जोरावर चालणारी, एक वा अधिक डोलकाठ्या असलेली लहान नौका विकत घेताना तिच्या बांधणीची पारख, सद्यःस्थितीची तपासणी, मालकीची खात्री आणि पुढील देखभालीच्या खर्चाचा अंदाज या चार गोष्टी कराव्या लागतात. मोटारगाडीच्या खरेदीशी या व्यवहाराची तुलना बऱ्याचदा केली जाते, परंतु ती फारशी उपयोगी नाही. एकाच साच्यातून निघालेल्या व एकाच वर्षी पाण्यात उतरलेल्या दोन नौका वीस वर्षांनंतर अगदी भिन्न स्थितीत आढळतात. कारण त्या कोठे ठेवल्या, पावसाळ्यात किनाऱ्यावर घेतल्या की नाही आणि त्यांची निगा कोणी राखली, यांवर त्यांचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून नौकेच्या वयापेक्षा तिचा इतिहास अधिक महत्त्वाचा असतो.

कोकण किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिडाची नौका हे उपजीविकेचे साधन होते. मचवा, पडाव, फत्तेमारी इ. प्रकारच्या नौका कौले, मीठ, नारळ, लाकूड यांची ने-आण करीत. त्या विकत घेणारा नाखवा व बांधणारा मेस्त्री हे दोघेही किनाऱ्यावर वाढलेले असत. त्यामुळे लाकडावर नुसता हात फिरवून वा टिचकी मारून त्याची प्रत ठरविण्याचे ज्ञान घेणाराजवळही असे. पुढे यंत्रे आली आणि मालवाहतुकीतून शीड जवळजवळ नाहीसे झाले. आज महाराष्ट्रात व गोव्यात शिडाची नौका घेतली जाते ती मुख्यतः क्रीडा, प्रशिक्षण व दूरच्या सफरी यांसाठी. तिचा ग्राहक बहुधा शहरातला असतो आणि नाखव्याजवळचे परंपरागत ज्ञान त्याच्यापाशी नसते. ही उणीव त्याला पद्धतशीर तपासणीने भरून काढावी लागते.

अंग व साज : नौकेचे दोन भाग कल्पिता येतात. कणा (कोकणात यास पठाण म्हणतात), त्यावर उभारलेल्या वाका आणि त्यांवरील फळ्यांचे वा अन्य पदार्थाचे कवच मिळून नौकेचे अंग बनते. डोलकाठी, तिला धरून ठेवणारे तणावे, शिडे, दोर व कप्प्या यांना साज म्हणता येईल. साज कितीही महाग असला, तरी तो टप्प्याटप्प्याने बदलता येतो. अंग बिघडलेले असल्यास मात्र दुरुस्तीचा खर्च अनेकदा नौकेच्या किंमतीपेक्षा जास्त होतो. असे असूनही नवख्या ग्राहकाचे लक्ष प्रथम जाते ते पांढऱ्याशुभ्र शिडांकडे, चकचकीत पितळी सामानाकडे व आतल्या गाद्यांकडे. विकणाऱ्यालाही हे माहीत असते. तपासणीची सुरुवात तळापासून करावी आणि गाद्या सर्वांत शेवटी पाहाव्या, हा क्रम मोडू नये.

सागवान : पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या नौकांचा विचार सागवानाला वगळून करता येत नाही. या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्यात सहजासहजी कुजत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या समुद्रकृमीला पुष्कळ काळ दाद देत नाही. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तसे सागवानात त्या प्रमाणात होत नाही. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत पाहावयास मिळते.

याच परंपरेतील छोटी, परंतु खरेदीच्या दृष्टीने अधिक बोधक नौका म्हणजे ‘सुहेली’ होय. ब्रिटिश व्यापारी नौदलातील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईत सागवानात बांधून घेतली. १९६३ मध्ये काम सुरू होऊन १९६४ अखेर ती पाण्यात उतरली. तिच्या अंगाची लांबी सु. ९·८ मी. आहे. तिचा आराखडा त्या काळीही जुन्या वळणाचा होता आणि ती वेगवान नव्हती. पुढे एकट्याने व कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे नॉक्स-जॉन्स्टन यांनी ठरविले, तेव्हा त्यांच्या मनात एक नवी, मोठी, पोलादी नौका होती. त्यासाठी ‘सुहेली’ विकण्याचाही त्यांनी प्रयत्न केला. नव्या नौकेसाठी पैसा उभा राहिला नाही आणि त्यांना जुन्या नौकेतूनच निघावे लागले. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फॅलमथ येथून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते तेथेच परतले. त्या स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी प्रवास पूर्ण करणारे ते एकटेच होत.

हा प्रवास निर्वेध झाला असे मात्र नाही. अटलांटिक महासागरात असतानाच कण्यालगतच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात बुडी मारून ते सांधे कापसाने बुजविले व त्यांवर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. लाकडी नौका घेणाऱ्याने नेमके हेच सांधे सर्वप्रथम पाहावयाचे असतात. कारण डोलकाठीचा दाब, कण्याचे वजन व लाटांचे धक्के यांचा ताण तेथे एकवटतो. पुढे अनेक वर्षांनी ‘सुहेली’चे लोखंडी खिळे बदलावे लागले. सागवान टिकले, पण त्याला जोडणारे लोखंड टिकले नाही. लाकूड चांगले दिसते म्हणून खिळ्यांकडे दुर्लक्ष करणे किती चुकीचे आहे, हे यावरून कळते. फळीवर खिळ्याभोवती तांबूस-काळे डाग दिसत असल्यास दोन-चार खिळे उपटून पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेल्यास तीही एक माहितीच समजावी.

अन्य पदार्थ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतेक क्रीडानौका काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकच्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील फायबरच्या असतात. हा पदार्थ कुजत नाही व त्यास कृमी लागत नाहीत. तो कायमचा टिकतो ही समजूत मात्र खरी नाही. पाण्याखालील भागात पाणी हळूहळू रेझिनाच्या थरात झिरपते व पृष्ठावर फोड येतात. फोड फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो. फोड थोडे असतील, तर ते खरवडून, वाळवून भरता येतात. सर्व तळ त्यांनी भरला असल्यास काम फार मोठे होते. नौकेचे छत पुष्कळदा दोन थरांमध्ये बाल्सासारखे हलके लाकूड घालून केलेले असते. सामान बसविण्यासाठी पाडलेल्या भोकांतून त्यात पाणी शिरले, तर मधले लाकूड मऊ पडते. लहान लाकडी हातोडीने सर्वत्र ठोकून पाहिल्यास निरोगी भागातून टणक व बिघडलेल्या भागातून बद्द आवाज येतो. या साध्या उपायाने बरेच काही कळते. पोलादी नौकेत गंज आतून लागतो, म्हणून पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या उपकरणाने मोजून घेतात. ॲल्युमिनियमच्या नौकेत निराळ्या धातूंच्या संपर्कामुळे होणारे क्षरण पाहावे.

नवी की जुनी : नवी नौका घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कारखान्याच्या ठराविक नमुन्यांतील नौका घेणे. दुसरा, आराखडा विकत घेऊन ती बांधवून घेणे. दुसऱ्या मार्गाचे आपल्याकडील उत्तम उदाहरण भारतीय नौदलाच्या ‘म्हादेई’ नौकेचे आहे. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी उचलून धरली. निवृत्तीनंतर ते समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी येथे राहत असत. नौकेचा आराखडा नेदर्लंड्समधील व्हान द स्टाट या संस्थेचा होता आणि बांधणी गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात झाली. लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर देऊन केलेली ही सु. १७ मी. लांबीची नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाकडे आली. तिच्यातून जाणारे कमांडर दिलीप दोंदे बांधणी चालू असताना कारखान्यात हजर राहत. त्यामुळे नौकेच्या पोटातील प्रत्येक नळी, तार व झडप कोठे आहे हे त्यांना प्रवासापूर्वीच ठाऊक होते. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून, चार बंदरे घेत, ते मे २०१० मध्ये परतले. याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. बांधवून घेतलेल्या नौकेचा खरा लाभ नवेपणात नसून या परिचयात असतो. जो ग्राहक नौका तयार झाल्यावरच कारखान्यात पाऊल टाकतो, तो या लाभाचे पैसे देतो, पण लाभ घेत नाही.

टॉमी यांच्या पुढील दोन प्रवासांत नवी व जुनी यांची तुलना आपोआप घडून आली. १९६८ च्या स्पर्धेच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धा पुन्हा भरली. तीसाठी गोव्यात ‘सुहेली’च्या धर्तीवर ‘तुरिया’ ही नवी नौका बांधण्यात आली. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली व तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. नौका समुद्रातच सोडावी लागली. त्याच वादळात आणखी एका स्पर्धकाची डोलकाठी मोडली, त्यामुळे हा दोष नव्या बांधणीचा म्हणता येणार नाही. २०२२ च्या स्पर्धेसाठी मात्र टॉमी यांनी जुनी नौका पत्करली. ती रस्लर ३६ या नमुन्याची असून हिच्याच साहाय्याने झां-ल्यूक व्हॅन डेन हीड यांनी २०१८ ची स्पर्धा जिंकली होती. त्या वेळी वादळात तिची डोलकाठी खिळखिळी झाली असतानाही त्यांनी ती शेवटास नेली. ‘बयानात’ या नव्या नावाने तिच्यातून टॉमी एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या नौकांनाच या स्पर्धेत प्रवेश असल्याने तेथे जुन्या नौकांची निवड काहीशी अपरिहार्य असते. तरीही जिची परीक्षा समुद्राने आधीच घेतली आहे अशा नौकेचे मोल त्यातून ध्यानात येते. येथेही नावापेक्षा नोंदी महत्त्वाच्या. मागील मालकाने कोणते भाग केव्हा बदलले, त्याच्या पावत्या व टिपणवही ज्या नौकेबरोबर मिळते, ती थोडी महाग असली तरी घ्यावी.

तपासणी : आपल्या किनाऱ्यावर या कामाला उत्तम काळ पावसाळ्याचा आहे. जूनच्या सुमारास नौका ओढून किनाऱ्यावर घेतात व झावळ्यांनी वा ताडपत्रीने झाकतात; यास कोकणात नौका शाकारणे म्हणतात. यंत्रचलित मासेमारी नौकांनाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा पाण्यात जाऊ लागतात. त्यापूर्वी तळ उघडा, सुका व डोळ्यांसमोर असतो. नौका पाण्यातच ठेवून विक्रीची घाई करणाऱ्याविषयी सावध असावे. मात्र तळाला नुकताच रंग दिलेला असेल, तर किनाऱ्यावरील नौकाही काही सांगत नाही.

कण्याखाली जड धातूचे वजन जोडलेले असल्यास जोडाच्या रेषेत भेग आहे का, बोल्टांवर गंज आहे का, हे पाहावे. नौका कधी खडकावर आदळली असल्यास खूण येथे व कण्याच्या मागील टोकाशी राहते. सुकाणू हाताने हलवून त्याचा सैलपणा अजमावावा. पाण्याखालील झडपा पितळेच्या असतील, तर त्यांतील जस्त निघून जाऊन त्या गुलाबी व ठिसूळ झालेल्या असतात; अशी एकच झडप तुटली तरी नौका बुडू शकते. डोलकाठीचे पोलादी तणावे बाहेरून चांगले दिसत असतानाच टोकांच्या पकडीत तुटतात. म्हणून सामान्यतः दहा-बारा वर्षांनी ते सर्वच बदलण्याचा प्रघात आहे व जुन्या नौकेच्या किंमतीतून हा खर्च वजा मागणे रास्त ठरते. शिडे उन्हाने झिजतात. शिवणीवर नख ओढून दोरा तुटतो का ते पाहावे.

यानंतर स्वतंत्र नौका-सर्वेक्षकाकडून तपासणी करवून घ्यावी. त्याची नेमणूक व फी घेणाराने द्यावी. विकणाऱ्याने दाखविलेला जुना अहवाल केवळ पूरक मानावा. शेवटी वाऱ्यात, शक्यतो ताज्या वाऱ्यात, सफर करून पाहावी. शांत पाण्यातील सफर आनंददायक असते, परंतु तीत नौका फारसे काही उघड करीत नाही.

खर्च : आकाराबाबत एक गोष्ट प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. नौकेची लांबी दीडपट झाली, की तिचे वजन जवळजवळ साडेतीन पट होते, कारण रुंदी व खोलीही त्याच प्रमाणात वाढतात. शिडे, नांगर, दोर, रंग, ओढून काढण्याची मजुरी या सर्वांचा खर्च वजनाबरोबर चढतो. वार्षिक देखभालीस किंमतीच्या सु. दहा टक्के धरावे, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. जुन्या नौकेबाबत तो फसवा ठरतो. नौका स्वस्तात मिळाली, म्हणून तिचा तणावा वा शीड स्वस्तात मिळत नाही. तिथे टक्केवारी दिलेल्या किंमतीवर न धरता तशाच नव्या नौकेच्या किंमतीवर धरावी. फुकट मिळालेल्या मोठ्या नौकेने मालकास कर्जात घातल्याची उदाहरणे किनाऱ्यावर कोणीही सांगेल. क्रीडा व विहारासाठीच्या नौकांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे; परदेशातून आणलेल्या नौकेवर सीमाशुल्क वेगळे पडते.

समुद्रापासून दूरचा ग्राहक : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या एखाद्यास शिडाची नौका घ्यावयाची असल्यास मुंबईचा समुद्र त्याच्यापासून सव्वातीनशे किमी.हून अधिक दूर आहे. मोठी नौका समुद्रावर ठेवल्यास ती वर्षातून काही दिवसच वापरली जाईल व उरलेले दिवस दुसऱ्याच्या भरवशावर राहील. न वापरलेली नौका वापरलेल्या नौकेपेक्षा लवकर बिघडते. अशा ग्राहकाने गाडीच्या टपावरून वा जोडगाडीवरून नेता येईल अशी छोटी नौका घेणे श्रेयस्कर. मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ सु. २·३ मी. लांब व ३५ किग्रॅ. वजनाची असते. प्रौढांसाठीच्या एकशिडी ‘लेझर’चे अंग ४·२३ मी. लांब व ५९ किग्रॅ. वजनाचे असते. दोहोंचे सुटे भाग जगभर ठराविक मापाचे असल्याने जुनी नौका घेण्यातही धोका कमी राहतो. मात्र क्लबांत शर्यतींसाठी वापरलेल्या नौकेचे अंग वारंवारच्या ताणाने लवचिक झालेले असते; तळ अंगठ्याने दाबून तो फार दबतो का, हे पाहावे.

अशी नौका चालवावयाची कोठे, हा प्रश्न खरेदीपूर्वीच सोडविला पाहिजे. शहरापासून सु. ५० किमी.वर पैठण येथे जायकवाडी धरणाचा नाथसागर हा विस्तीर्ण जलाशय आहे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाचे पाणी पसरट व उथळ असून उन्हाळ्यात ते काठापासून दूर हटते. खोल स्थिर कण्याची नौका तेथे निरुपयोगी होय. वर उचलता येणारी मध्यफळी आवश्यक ठरते. शिवाय १९८६ पासून हे क्षेत्र पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे वन व जलसंपदा या दोन्ही विभागांची लेखी परवानगी हाती आल्याखेरीज विसार देऊ नये. गोड्या पाण्यातील शिडनौकानयन अशक्य मात्र नाही : पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र ते शिकतात आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर शर्यती होतात.

मराठवाड्याच्या हवेचा एक परिणाम येथे नोंदविला पाहिजे. लाकडी नौकेच्या फळ्या पाण्यात फुगून सांधे आवळून धरतात. कोरड्या हवेत त्या आकसतात. ‘सुहेली’ १९९७ मध्ये ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली होती. तेथील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्याने २००२ मध्ये तिला बाहेर काढावे लागले. पृथ्वीप्रदक्षिणेत जिला समुद्राने हार मानावयास लावली नाही, ती छपराखाली खिळखिळी होऊ लागली. मराठवाड्यातील एप्रिल-मेची हवा संग्रहालयातील हवेहून कितीतरी कोरडी व तप्त असते. कोकणातून स्वस्तात मिळालेली जुनी लाकडी होडी अंगणात आणून ठेवणाऱ्याने एवढे ध्यानी घ्यावे, की दोन उन्हाळ्यांत तिचे सांधे उघडतील. या प्रदेशात फायबरची नौका व तिच्यावर उन्हापासून पुरते आच्छादन हीच योग्य जोडी होय.

व्यवहार : किंमत ठरल्यावर विसार देताना सर्वेक्षकाचा अहवाल व सफर समाधानकारक न ठरल्यास तो परत मिळेल, अशी अट लेखी घालावी. नौका नोंदलेली असल्यास नोंदणी-दाखल्यावरील नाव, अंगावर कोरलेला क्रमांक व यंत्राचा क्रमांक जुळवून पाहावेत आणि तिच्यावर कर्जाचा बोजा नाही याची नोंदणी-कार्यालयातून खात्री करावी. बंदराचे थकलेले भाडे व दुरुस्तीची देणी यांबाबतही लेखी खुलासा घ्यावा, नाहीतर ती वसूल करण्यासाठी नौका अडवून ठेवली जाते. समुद्रगामी नौकांच्या नोंदणीची चौकट १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमाने घातली होती. त्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा अधिनियम संमत केला. नद्या, खाड्या व जलाशय यांसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या कायद्याऐवजी आला. महाराष्ट्रात किनाऱ्यावरील लहान बंदरांचा कारभार १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. विक्रीखतात साजातील प्रत्येक शीड, नांगर, दोर व सुकाणूची यादी जोडावी. तोंडी ठरलेले जास्तीचे शीड ताबा घेण्याच्या दिवशी क्वचितच सापडते. विमा ताब्याच्या दिवसापासून सुरू व्हावा, कारण नवख्या मालकाच्या हातून होणारे नुकसान बहुधा नौका घरी आणण्याच्या पहिल्याच फेरीत होते. [→ जहाजबांधणी, नौकाक्रीडा].